संगणक, नग एक, चालू स्थितीत

देविदास सरांना या जगाकडून फार काही नको होतं. एक सही हवी होती. ती अमरेश सर देणार होते, आणि अमरेश सर म्हणजे सही करण्याआधी पेनाचं टोपणसुद्धा नीट तपासून घेणारे गृहस्थ.

देविदास सर हदगावच्या एका खाजगी हायस्कुलात मुख्याध्यापक, आणि त्यांचं घर, बायको, म्हैस सगळं रेणापूरला. हदगावात भाड्याच्या खोलीत राहायचं, संध्याकाळी स्वतःच्या हातची खिचडी खायची, शनिवारी शाळा सुटली की नांदेडची एस.टी. गाठायची, तिथून लातूर, तिथून रेणापूर. रविवारी धुतलेले कपडे वाळेपर्यंत परतायची वेळ. असं करता करता डोक्यावरचे केस गेले आणि खिचडीची चव तेवढी राहिली. शेवटी एकदाची याच संस्थेच्या रेणापूरच्या शाळेत बदली झाली. अट अशी, की इथला चार्ज द्यायचा, कार्यमुक्त व्हायचं आणि महिनाअखेरीच्या आत तिकडे हजर व्हायचं. नाही झालं तर ऑर्डर रद्द. त्या जागेकडे संस्थेच्या सचिवांचे साडू कधीचे डोळे लावून बसले होते.

चार्ज घेणारे अमरेश सर. त्यांनी खुर्च्या मोजल्या, बाकडी हलवून बघितली, डस्टर झटकून बघितले. ‘पितळी घंटा, नग एक’ असं यादीत आलं तेव्हा ती स्वतः वाजवून बघितली, त्यामुळे शाळा भर दुपारी सुटली आणि पोरं गोळा करून आणण्यात उरलेला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ते संगणकापाशी आले. यादीत लिहिलं होतं, ‘संगणक, नग एक, चालू स्थितीत.’

शिपाई नरसिंगनं बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर प्रशासकाचा पासवर्ड मागणारी चौकट आली.

“पासवर्ड?” अमरेश सरांनी विचारलं.

“तो ग्यानोबा बाबूंना माहीत,” देविदास सर म्हणाले.

“बाबू कुठायत?”

“रिटायर झाले ना मागच्या महिन्यात. गावी गेले, जळकोटला.”

अमरेश सरांनी पेनाचं टोपण लावलं. “मग सर, ही स्थिती चालू म्हणता येणार नाही.”

ग्यानोबा बाबू म्हणजे शाळेचे क्लार्क. पगारबिलं, पोरांची नोंदणी, बोर्डाचे अर्ज, जे काही होतं ते त्यांच्या त्या प्रशासक खात्यात. कधीतरी वरून एक पत्र आलं होतं, की विद्यार्थ्यांची माहिती सुरक्षित ठेवावी आणि पासवर्ड कोणासही सांगू नये. शाळेत येणाऱ्या पत्रांपैकी शंभर टक्के अंमलबजावणी झालेलं ते एकमेव पत्र असावं. बाबूंनी पासवर्ड कोणालाही सांगितला नाही, आणि इतक्या वर्षांत कोणी विचारलाही नाही.

देविदास सरांनी लगेच फोन लावला. बाबूंचा आवाज एकदम गोड.

“नमस्कार सर. कशी काय आठवण केलीत गरिबाची?”

सरांनी काम सांगितलं.

“पासवर्ड व्हय? आता वय झालं सर. आठवंना झालंय.”

“अहो, पंधरा दिवसांपूर्वी तर तुम्ही पगारबिल काढलं.”

“तेच तर म्हणतो. पंधरा दिवसांत माणूस किती म्हातारा होतो बगा.” आणि बाबूंनी सरांच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

मग स्टाफरूममध्ये सल्ल्यांना ऊत आला. तसा स्टाफ एरवी कोणत्याही विषयावर एकत्र येत नाही, पण पगारबिल आत अडकलंय म्हटल्यावर सगळे एकदिलानं जमले. पहिला अंदाज सगळ्यांचा एकच, बाबूंच्या बायकोचं नाव. देविदास सरांनी ‘पारूबाई’ टाकून बघितलं. चुकलं. मग शाळेचं नाव, संस्थापकांचं नाव, बाबूंच्या स्कूटरचा नंबर झाला. गणिताच्या सरांनी शक्यता किती आहेत याचं गणित फळ्यावर मांडायला घेतलं, ते फळा संपला तरी संपेना. शेवटी संगणकच वैतागला आणि थोड्या वेळानं प्रयत्न करा म्हणाला. देविदास सरांनी आजवर कितीतरी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं, पण आपल्यावर अशी पाळी एका डब्याकडून येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना ते लागलं.

नरसिंग कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता. तो म्हणाला, “सर, मी सांगू का? दसऱ्याला याची पूजा केली, पण नारळ फोडलं न्हाई. पेढ्यावर भागवलं. तवापासून हे असंच करून राहिलं.”

देविदास सर विज्ञानाचे पदवीधर. पण माणूस दमला की कोणाचंही ऐकतो. नारळ आणला. नरसिंगनं तो टेबलाच्या कडेवर असा काही हाणला, की निम्मं पाणी कीबोर्डात गेलं. कळा चिकटल्या. एक अक्षर दाबलं की ओळ भरून तेच अक्षर यायला लागलं. अमरेश सरांनी शांतपणे यादी काढली आणि ‘कीबोर्ड, नग एक’ यापुढे फुली मारली. आता सरांना पासवर्डही हवा होता आणि कीबोर्डही.

शेवटी सर संगणकाचा डबा उचलून नांदेडला निघाले. गाडीत जागा मिळाली, पण डबा मांडीवर. शेजारच्या माणसानं विचारलं, “काय, टीव्ही हाय का?” सर म्हणाले, कॉम्प्युटर आहे, पासवर्ड हरवलाय. ही चूक झाली. अर्धापूर येईपर्यंत अख्ख्या गाडीला ते कळलं आणि ज्याला त्याला काही ना काही सुचायला लागलं. मागून एक म्हातारी म्हणाली, “उनात ठिवा वो एक दिस. माजा रेडू तसाच सुरू झाला व्हता.” कंडक्टर म्हणाला, मेव्हण्याच्या मोबाइलचं असंच झालं होतं, त्यानं नवा घेतला. सर सगळ्यांना हो हो म्हणत राहिले. मांडीला मुंग्या आल्या होत्या.

नांदेडात भागवतचं दुरुस्तीचं दुकान. त्यानं डबा उघडला, तारा लावल्या, बराच वेळ खुडबुड केली आणि मान हलवली.

“सर, नुसता पासवर्ड असता तर चुटकीसरशी काढला असता. पण तुमच्या बाबूनं अख्ख्या डिस्कलाच कुलूप घातलंय. लई पक्कं काम हाय. मी तर म्हणतो त्यायला माझ्याकडं पाठवा, दुकानात ठेवून घेतो.”

“मग आता?”

“फॉरमॅट मारू. एकदम नव्यावानी होतंय.”

“आणि आतलं?”

“आतलं जातंय.”

“अरे, आतल्यासाठीच तर चाललंय सगळं.”

“सर, डेटाचा लई मोह बरा न्हाई,” असं म्हणून भागवतनं चहा सांगितला.

नांदेडला आलोच आहोत तर संस्थेच्या कार्यालयात जाऊन मार्ग विचारावा, म्हणून सर डबा घेऊनच तिथे गेले. तिथल्या अधीक्षकांनी बरीच पानं उलटली. संगणकाच्या पासवर्डबद्दल नियम नव्हता. मात्र कपाटाची चावी हरवल्यास दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष कुलूप तोडून पंचनामा करावा, असा नियम होता. “याच धर्तीवर करा,” ते म्हणाले. “पण कुलूप कुठे आहे ते पंचांना दिसलं पाहिजे.” सरांनी मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. कुलूप त्यांनाही दिसत नव्हतं.

एवढ्यात राजकन्याबाईंचा फोन. म्हणजे सरांची बायको. तिनं समोरची खोली सारवून ठेवली होती, खाट उन्हात टाकून ढेकूण मारले होते, आणि गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं की आमचे आता घरीच येणार.

“कवा येताव?” तिनं विचारलं.

“ते पासवर्डाचं...”

“अजून सापडंना व्हय? इथं शिवकांताबाई विचारायल्या, तुमच्या मालकानं काय इसरलंय म्हणं. मी म्हणलं त्यायनी न्हाई, दुसऱ्यानं इसरलंय. त्या म्हणल्या, असं का. पण त्यायला पटलं न्हाई.” मग तिनं विचारलं, “जेवलाव का?”

सर जेवले नव्हते. जेवलो म्हणाले. मग कार्यालयाच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन ते नुसतेच बसून राहिले. महिना संपत आला होता. सचिवांचे साडू म्हणे रेणापुरात जाऊन भाड्याची खोलीसुद्धा बघून आले होते. इतकी वर्षं आपण इथे काढली, आणि आता घर दिसायला लागलं तर ही एक रिकामी चौकट आडवी आली, या विचारानं त्यांना रडायला आलं. पण नांदेडच्या भर बाजारात मुख्याध्यापकानं रडणं बरं दिसत नाही, म्हणून ते उठले आणि जळकोटच्या गाडीत बसले.

ग्यानोबा बाबूंनी स्वागत मात्र असं केलं, की सरांना क्षणभर आपण कशाला आलो तेच आठवेना. पाय धुवायला गरम पाणी, मग चहा, मग पोहे, मग परत चहा. सोयाबीनवर बोलून झालं, पावसावर बोलून झालं. पासवर्डाचा विषय निघाला की बाबू कपाळाला बोट लावायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, “आठवून राहिलो सर. येईना.” मग त्यांना एकदम गोठ्यातलं काम आठवलं आणि ते बाहेर गेले.

बाबूंची बायको पारूबाई तेवढ्यासाठीच थांबली होती. कप उचलता उचलता ती म्हणाली, “सर, त्यायला समदं आठवतंय. निरोपाच्या दिशी कोन कोन खुर्चीत पेंगायलं व्हतं, ते बी रोज सांगतेत.”

“मग पासवर्ड का सांगेनात, वहिनी?”

“भाषन राहिलंय न्हवं त्यायचं. दोन महिने पाठ करायले व्हते. म्हशीपुढं, माझ्यापुढं. मला तर तोंडपाठ झालंय. अन् तुम्ही बोलूच दिलं न्हाई.”

शाळेत आजवर जेवढे निरोप समारंभ झाले, त्या सगळ्यांचं सूत्रसंचालन बाबूंनी केलं होतं. इतरांची मनोगतं ऐकता ऐकता त्यांचे केस पिकले. मग त्यांची पाळी आली. त्या दिवशी सचिव उशिरा आले आणि संगणक युगावर बोलत बसले. तो शनिवार होता. अध्यक्षस्थानी बसलेल्या देविदास सरांचं लक्ष घड्याळाकडे, आणि जीव नांदेडच्या गाडीत. बाबू चष्मा पुसत उठले, तेवढ्यात सर माइकवर म्हणाले, “वेळेअभावी बाबूंचं मनोगत आपण पुन्हा कधीतरी ऐकू.” नरसिंगला खूण केली, राष्ट्रगीत झालं. गाडीसुद्धा मिळाली. बसायला जागा मिळाली म्हणून सर खूशही झाले होते. हे सगळं आता त्या ओसरीवर बसून आठवलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

बाबू गोठ्यातून आले तेव्हा सर म्हणाले, “बाबू, तुमचा कार्यक्रम नीट झाला नाही. परत करू या.”

“निरोप एकदाच असतो सर,” बाबू ताठ आवाजात म्हणाले. “दोनदा दिला तर लोक म्हणतेल, हा माणूस मधी परत आला व्हता का.”

“निरोप नाही. सेवागौरव समारंभ.”

बाबूंनी थोडा विचार केला. “सूत्रसंचालन कोण करणार?”

“मी करतो.”

“मग येतो,” बाबू म्हणाले.

समारंभ ठरला आणि नवीच अडचण निघाली. शाळेच्या कपाटात शाल एकच उरली होती. ती देविदास सरांच्या निरोपासाठी आणून ठेवलेली. अमरेश सरांनी यादीत बघितलं आणि म्हणाले, “नग एक आहे. आत्ता बाबूंना द्या. तुमचं नंतर बघू.” सर हो म्हणाले. त्या घडीला कोणी घरच्या म्हशीची झूल मागितली असती तरी ते हो म्हणाले असते.

समारंभाला अख्खा स्टाफ वेळेवर हजर. असं आधी कधी झालं नव्हतं. त्याचं कारण असं, की बाबू सरळ सांगणार नाहीत, बोलण्याच्या ओघात काहीतरी निसटेल ते पकडायचं, असं स्टाफरूममध्ये ठरलं होतं. प्रत्येकाच्या हातात पेन आणि मांडीवर कागद. बाबू बोलायला उभे राहिले, त्यांनी चष्मा लावला, समोर बघितलं, आणि आपलं भाषण उतरवून घ्यायला सगळा स्टाफ पेन सरसावून बसलाय हे बघून त्यांनी चष्मा परत काढून दोनदा पुसला.

मग बाबू बोलले. पहिल्या हेडमास्तरांचं नाव घेतलं, सगळ्यांनी लिहिलं. हरवलेल्या सायकलचा रंग सांगितला, तोही लिहिला. आयाबाया पोरांना शाळेत घालायला यायच्या, त्यांना जन्मतारीख ठाऊक नसायची, विहीर आटली त्या साली झाला एवढंच सांगायच्या. “मग मी एक जून लिहायचो,” बाबू म्हणाले. “या पंचक्रोशीत निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून हाय. तो माझ्या हातचा हाय. त्यायच्या आईला आठवत न्हाई, पण सरकारला आठवतंय.” अमरेश सरांनी ‘एक जून’ खाली दोन रेघा मारल्या. देविदास सरांचा जन्मसुद्धा कागदोपत्री एक जूनचाच. रेणापुरातल्या कोणत्या बाबूंनी तो दिला असेल, हे त्यांच्या मनात आजवर कधी आलंच नव्हतं. ते ऐकत राहिले आणि त्यांचं पेन कधी बंद झालं ते त्यांनाही कळलं नाही. ऊन व्हरांड्यातून वर्गात आलं आणि वर्गातून भिंतीवर चढलं. वेळेअभावी हा शब्द कोणी काढला नाही.

शेवटी बाबू म्हणाले, “त्या दिवशी बी मी भाषणाच्या शेवटी हेच करणार व्हतो. ज्याची चीज त्याच्या हवाली. देविदास सर, जरा वर या.” सर वर गेले. बाबूंनी, बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तसं, सरांच्या कानाशी तोंड नेलं. “पारूबाई, अन् पुढं मी रुजू झालो ते साल.”

पहिल्याच दिवशी पारूबाईपर्यंत सगळे पोहोचले होते. पण बाबू रुजू कधी झाले, हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

नव्या कीबोर्डवर सरांनी पासवर्ड टाकला. संगणक गुमान उघडला. आत सगळं जागच्या जागी. स्टाफनं टाळ्या वाजवल्या. बाबूंना त्या आपल्याच वाटल्या, आणि ते खरंही होतं. अमरेश सरांनी टोपण काढलं आणि सही केली. तेवढ्यात दुपारच्या गाडीची वेळ झाली. रेणापूरला हजर व्हायला उद्याचाच दिवस उरला होता. सर पिशवी घेऊन ऑफिसच्या दारात जरा घुटमळले. अमरेश सर पगारबिल उघडून बसले होते. वर न बघता म्हणाले, “सर, तुमचा कार्यक्रम आता वेळेअभावी राहूनच गेला.”

“चालतंय,” देविदास सर म्हणाले. त्यांना एस.टी.पर्यंत सोडायला नरसिंग तेवढा आला होता.

रेणापूरला पोहोचले तेव्हा राजकन्याबाईंनी भाकरी थापायला घेतली होती. ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. सरांनी पहिला घास मोडला आणि फोन वाजला. अमरेश सर.

“सर, इकडे लाइट गेली होती. आत्ता आली. कॉम्प्युटर परत पासवर्ड मागतोय. पगारबिल आतच आहे.”

अडचण खरी होती. बाबूंनी पासवर्ड एकट्या देविदास सरांच्या कानात सांगितला होता, आणि उघडलेल्या संगणकाचा पासवर्ड विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“बोला सर लवकर,” अमरेश सर म्हणाले. “मला वेळ नाही.”

सरांच्या ओठावर पारूबाई आली होती. ती तिथेच थांबली. “वय झालं अमरेश सर,” ते अगदी गोड आवाजात म्हणाले. “आठवंना झालंय.”

राजकन्याबाईंनी तव्यावरून मान वर केली. “काय आठवंना? अन् तुमचा कार्यक्रम झाला का नीट? शाल कुठाय?”

“शाल एकच होती,” सर म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा हलला, आणि तो हललेला फोनवर आणि चुलीपाशी दोन्हीकडे ऐकू गेला.

राजकन्याबाई उठल्या. हात पदराला पुसले, पेटीतून शाल काढली, भावाच्या लग्नात मानाची मिळालेली, अजून घडी न मोडलेली. ती त्यांनी सरांच्या खांद्यावर टाकली. नारळ देव्हाऱ्यातला होता, तो हातात दिला. मग समोर जमिनीवर नीट मांडी घालून बसल्या.

“बोला,” त्या म्हणाल्या.

देविदास सरांनी ताट बाजूला सारलं आणि फोन स्पीकरवर टाकून नारळाशेजारी ठेवला.

“अमरेश सर, कागद-पेन घ्या. पासवर्ड शेवटी आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि सुरुवात केली, “आदरणीय व्यासपीठ...”